अप्पांच्या कानाचा ड्रायव्हर

ताईंच्या दवाखान्यात एकट्यानं येऊन भागत नसे. कानाचं मशीन लावून घ्यायचं असेल, तर ज्याचा आवाज ऐकायची ओढ आहे त्या माणसाला सोबत आणावं लागे. हा नियम डॉक्टर मॅडमचा नव्हता, कुठल्या पुस्तकातलाही नव्हता. तो ताईंनीच काढलेला होता आणि तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती. "टूंऽ टूंऽ ऐकवूनही मशीन लावता येतं," ताई म्हणत, "पण घरी गेल्यावर तुमच्याशी टूंऽ टूंऽ कोण बोलणार आहे?" यावर भलेभले घरी परत जाऊन कुणाला तरी घेऊन येत.

त्यामुळे त्या दवाखान्याचा बाक कायम भरलेला. एक निवृत्त पोस्टमन नातवाला घेऊन आले होते, आणि नातू ऐन वेळी लाजून मुका झाला. एका आजीबाईंनी सुनेला आणलं आणि ताईंच्या कानाशी लागून सांगितलं, "हिचा आवाज जरा बारीकच ठेवा हं." आपण किती मोठ्यानं कुजबुजतो याचा आजींना अंदाज नव्हता, त्यामुळे समोर बसलेल्या सुनेनं, बाकावरच्या सगळ्यांनी आणि बहुधा खालच्या मजल्यावरच्या लोकांनीही ते ऐकलं. एक गृहस्थ तर चक्क भांडलेल्या शेजाऱ्याला घेऊन आले. तो आपल्यामागे काय बोलतो ते कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. शेजारी आला हे त्याहून नवल.

दवाखाना म्हणजे जिना चढून गेल्यावर दोन खोल्या. खाली दातांचा दवाखाना, वर कानांचा. बाहेरच्या खोलीत बाक आणि पाण्याचा माठ, आतल्या खोलीत जाड पडदे, भिंतींना आवाज शोषणारा स्पंज आणि टेबलावर संगणक. मॅडम कान तपासत आणि कुठलं मशीन द्यायचं ते ठरवत. पुढे ते माणसाच्या कानाला आणि जगण्याला जुळवून द्यायचं काम ताईंचं. त्या डॉक्टर नव्हत्या. पेशंटची नावं लिहून घ्यायला म्हणून लागल्या आणि बघता बघता शिकल्या. आता पन्नाशी उलटली होती, लग्नाचा विषय कधीच मागे पडला होता, आणि लोक त्यांना कानवाल्या ताई म्हणत. त्यांना ते आवडे.

त्यांनी आयुष्यात पहिलं मशीन लावलं ते आपल्या वडिलांचं. अप्पा छापखान्यात मशीनमन होते. उभा जन्म त्या धडधडीत गेला आणि कान हळूहळू त्या धडधडीलाच वाहिले गेले. त्या धंद्यात सगळ्यांचेच जात, त्यामुळे कुणी त्याची तक्रारही करत नसे. शेवटी आईनंच त्यांना दंडाला धरून दवाखान्यात आणलं. मशीन लावणारा जुना माणूस नेमका तेव्हाच नोकरी सोडून गेला होता. मॅडम ताईंना म्हणाल्या, "बस तू. मी सांगते तसं कर."

ताईंनी आईला समोर बसवलं आणि म्हटलं, "काहीतरी बोल."

"काय बोलू?" आईनं विचारलं, आणि मग ती थांबेचना. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, समोरच्या बिऱ्हाडानं नेलेली शिडी परत दिलेली नाही, हे स्वतःला बूट घेतात ते नेमके एक माप लहान. ताई बटणं दाबत गेल्या, आवाज वर-खाली करत गेल्या. मध्येच अप्पांच्या कपाळावरची आठी सुटली आणि ते म्हणाले, "नळ गळतोय हे आधी नाही का सांगायचं?" आई म्हणाली, "वर्षभर कुणाला सांगतेय मग, भिंतीला?" मॅडम हसल्या. ताईंना मात्र भरून आलं. त्या दिवशी त्यांचा नियम जन्माला आला.

ते मशीन जुन्या पद्धतीचं होतं. त्याला बारीक वायर लावायची, वायर तळहाताएवढ्या डबीत जायची आणि डबी संगणकाला जोडायची. मग संगणकावरून मशीनचा आवाज कमी-जास्त करता यायचा. पुढे बिनवायरची मशीनं आली. जुने पेशंट एकेक करून नव्यावर गेले, काही देवाघरी गेले. डबी बनवणारी कंपनीही बंद पडली. राहिले फक्त अप्पा. डबी ताईंच्या खणात, हात पुसायच्या नॅपकिनांखाली पडून असे. कान आणखी उतरले असं वाटलं की अप्पा येत, ताई डबी काढत आणि मशीन पुन्हा जुळवून देत. आई असेपर्यंत ती सोबत येई. ती गेल्यावर अप्पा एकटे येऊ लागले. आपल्या नियमातून ताईंनी सूट दिलेला हा एकच पेशंट. त्याबद्दल ना त्या काही बोलल्या, ना अप्पा.

मध्यंतरी ताईंनी त्यांना नवं मशीन नेऊन दिलं होतं. अप्पांनी ते एक दिवस घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खोक्यात घालून परत केलं. "सगळे पत्र्याच्या पिंपातून बोलल्यासारखे वाटतात," ते म्हणाले. ताईंनी जे समजायचं ते समजून घेतलं. जुनं मशीन आईच्या आवाजावर बसवलेलं होतं. ते कानातून काढणं म्हणजे काय, हे मुलीला काय सांगायला हवं? त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

आणि मग खालच्या दातांच्या दवाखान्यावर संकट आलं. एका सकाळी तिथला संगणक सुरू केला तर एकही पेशंट सापडेना. कुणीतरी कुठूनतरी आत शिरून सगळ्या नोंदींना कुलूप ठोकलं होतं. तिथली स्वागतिका जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. ताईंनी तिला वर नेऊन चहा पाजला. बिचारीची काहीच चूक नव्हती, तरी ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी काही दाबलं नाही हो, ताई."

त्यानंतर मोठ्या रुग्णालयातून निरोप आला. तान्ह्या बाळांच्या कानाची तपासणी ताईंच्या दवाखान्यात होई आणि तिचा निकाल संगणकावरून थेट रुग्णालयाच्या डॉक्टरांकडे जाई. ज्या बाळाला ऐकू येत नाही त्याच्यावर उपचार लवकर सुरू झाले तरच ते पुढे बोलायला शिकतं, म्हणून त्या निकालाला फार महत्त्व. रुग्णालय म्हणालं, जोडलेल्या प्रत्येक संगणकात अमुक एक संरक्षण चालू असलंच पाहिजे. नसेल त्याची जोडणी तोडू.

संरक्षण चालू करायला रुग्णालयाचा संगणक-तंत्रज्ञ आला. त्याला सगळे रीस्टार्टराव म्हणत. कारण कुणीही फोन करून काहीही सांगितलं, तरी त्याचा पहिला प्रश्न "रीस्टार्ट करून बघितलंत का?" हाच असे. माणूस लाख मोलाचा. त्याला हे नाव माहीत होतं, आणि तो स्वतःच फोनवर म्हणे, "हां, रीस्टार्टराव बोलतोय."

त्यानं ते संरक्षण चालू करायचा प्रयत्न केला. पडद्यावर पिवळं चिन्ह आलं आणि संरक्षण पुन्हा बंद.

"घोडं कुठं पेंड खातंय?" ताईंनी विचारलं.

"सांगतो," रीस्टार्टराव खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "संगणकाच्या अगदी आत एक खोली असते असं समजा. तिच्या दाराशी हा पहारेकरी उभा करायचाय. मेमरी इंटेग्रिटी म्हणतात त्याला. पण आत आधीपासून काही जुनी मंडळी बसलीत. ती पहाऱ्याचे नियम पाळत नाहीत. ती असेपर्यंत हा म्हणतो, मी उभाच राहत नाही."

"कोण मंडळी?"

"ड्रायव्हर. संगणकाला जोडलेली वस्तू कशी चालवायची, हे त्याला सांगणारे प्रोग्रॅम. वस्तू कधीच फेकून दिलेली असते, पण तिचा ड्रायव्हर आत तसाच."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," ताई म्हणाल्या.

"अगदी बरोबर. आता हेच सांगत जाईन सगळीकडे." त्यानं अडवणाऱ्या ड्रायव्हरांची यादी उघडली आणि एकेकाचं विचारू लागला. एक जुन्या प्रिंटरचा होता, तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेलेला. एक स्कॅनरचा. एक कुठल्याशा कॅमेऱ्याचा, तो दवाखान्यात कधी होता हे मॅडमनाही आठवेना. रीस्टार्टराव काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांची एक ओळ लिही, एंटर दाबी, आणि एक ड्रायव्हर हद्दपार होई. ताईंना गंमत वाटत होती. मग तो म्हणाला, "आणि हा शेवटचा. कसल्यातरी डबीचा दिसतोय. कंपनीच राहिली नाही, म्हणजे नवा ड्रायव्हर मिळायचा प्रश्नच नाही. काढू?"

"नको," ताई म्हणाल्या. इतक्या झटकन, की रीस्टार्टराव वळून बघायला लागला. "म्हणजे, लागते ती कधीमधी. एखाददुसरा जुना पेशंट असतो."

"मग तो प्रोग्रॅम दुसऱ्या एखाद्या जुन्या संगणकावर टाकू. तो कशालाच जोडायचा नाही, म्हणजे झालं."

हे ताईंनी आधीच करून पाहिलं होतं. डबीचा प्रोग्रॅम याच संगणकाशी बांधलेला होता. दुसरीकडे टाकला की परवान्याचा आकडा मागायचा, आणि तो देणारं कुणी उरलं नव्हतं. रीस्टार्टरावानं खटपट केली, मान हलवली आणि म्हणाला, "ताई, मग दोन्ही जमायचं नाही. एकतर हा, नाहीतर पहारेकरी. विचार करा, पण फार नको. शुक्रवारपर्यंत कळवा."

त्या शुक्रवारी ताईंनी फोनच उचलला नाही. पुढच्या वेळी सांगितलं की पेशंट बसलेत. त्याच्या पुढच्या वेळी वीज गेल्याचं सांगितलं आणि मागे पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून स्वतः उठून तो बंद केला. ज्या बाईनं जन्मात कुणाला खोटा आकडा लिहून दिला नव्हता, तिनं असं करावं! चोराच्या मनात चांदणं. मॅडम सहज म्हणाल्या, "त्या संरक्षणाचं काय झालं गं?" तर ताई चहाचा कप विसळायला उठल्या. "चाललंय," त्या म्हणाल्या. खणातल्या डबीबद्दल त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

खरं सांगायचं तर त्यांना सगळं कळत होतं. खालच्या पोरीचं रडणं त्यांनी बघितलं होतं. आपल्या खोलीतल्या संगणकात किती बाळांची नावं आहेत हेही ठाऊक होतं. पण अप्पांचे कान दर ऋतूला थोडे थोडे उतरत होते. ड्रायव्हर काढला की डबी मुकी, आणि डबी मुकी झाली की जुनं मशीन आहे तिथंच अडकलं. कान पुढे जाणार, मशीन मागे राहणार. मग एक दिवस अप्पांना त्यातून काहीच ऐकू येणार नाही, आईचा आवाज जिथं बसवला होता तिथूनही नाही. आणि ते आपल्या हातानं करायचं होतं.

घरी दोघंच. पण घरात बोलणं असं फारसं नव्हतं. ताई दिवसभर लोकांना बोलतं करून दमून येत, आणि अप्पांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. ओरडून माणूस काय बोलणार? "जेवून घ्या!" "गोळी घेतली?" "दार लावा!" स्वयंपाकघरातून आवाज द्यायचा आणि उत्तर नाही आलं की त्याहून मोठ्यानं द्यायचा. शेजारीपाजारी समजत की यांच्याकडे रोज भांडण असतं. अप्पा मात्र कधी चिडत नसत. मान हलवत, गोळी घेत, दार लावत. संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद ठेवून नुसती चित्रं बघत बसत, आणि ताई बाजूला बसून स्वेटर विणत.

एकदा त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. "अप्पा! तुमच्या मशीनचा ड्रायव्हर काढायला सांगतायत!"

अप्पांनी विचार केला. "ड्रायव्हर काढला तर गाडी कोण चालवणार?"

"तसा ड्रायव्हर नाही हो!" ताई ओरडल्या, आणि पुढचं सगळं एवढ्याच मोठ्यानं सांगायचं या कल्पनेनंच त्यांचा धीर सुटला. "जाऊ द्या! जेवून घ्या!"

अखेर रुग्णालयानं जोडणी तोडली. सोमवारी सकाळी एक तरुण बाई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आली. बाळ झोपलं होतं. ताईंनी त्याच्या इवल्याशा कानात मऊ टोकाची नळी बसवली. तिच्यातून आवाज सोडला की चांगला कान उलट बारीकसा आवाज देतो. पहिल्यांदा उत्तर आलं नाही, दुसऱ्यांदाही आलं नाही. दुसऱ्या कानातूनही नाही. अशा वेळी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही हे ताईंना येत होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा तपासावं लागेल. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते, ते लगेच तारीख देतील." आणि त्यांनी निकाल पाठवायला बटण दाबलं. पडद्यावर आलं: जोडणी उपलब्ध नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. बाळाची आई त्यांच्याकडे बघत होती. "काय झालं, ताई? वाईट आहे का काही?"

"नाही, बाळा. माझ्याकडूनच राहिलंय," ताई म्हणाल्या. हे वाक्य खरं होतं आणि ते त्यांना चांगलंच लागलं. माझ्या अप्पांच्या कानासाठी मी या पोरीचा कान अडवून धरला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी बाळाच्या आईला बाहेर बाकावर बसवलं, मॅडमना सगळं सांगितलं, खणातल्या डबीसकट. मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आधी बोलली असतीस तर." मग त्यांनी स्वतः रुग्णालयात फोन करून निकाल तोंडी कळवला, पण तारीख मिळायला तो संगणकावरूनच जायला हवा होता, म्हणून ताईंनी रीस्टार्टरावाला बोलावून घेतलं. त्याला यायला दुपार होणार होती. ताई घरी गेल्या आणि अप्पांना घेऊन आल्या. निदान शेवटचं एकदा मशीन जुळवून देऊ, मग जे व्हायचं ते होवो.

अप्पा नेहमीच्या खुर्चीत बसले. ताईंनी नॅपकिनांखालून डबी काढली, मशीनला वायर लावली आणि त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसल्या. इथं त्या कधी ओरडत नसत. तोंड समोर, शब्द सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं. कामाची शिस्तच तशी होती.

"अप्पा, नीट ऐका. आज हे शेवटचं जुळवतेय. यानंतर या मशीनला हात लावता येणार नाही." त्यांनी सगळं सांगितलं. पहारेकरी, ड्रायव्हर, बाहेरच्या बाकावरचं बाळ. "मला माहितेय, यात आईचा आवाज बसवलाय. मी काढला नसता, अप्पा. पण..."

अप्पा त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कानातलं मशीन काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मग काढ की. एवढं तोंड का पाडलंयस?"

ताईंना वाटलं, त्यांना कळलं नसावं. "अप्पा, आईचा आवाज..."

"तुझ्या आईला ऐकायला मला मशीन कशाला लागत होतं? छापखान्यात आम्ही सगळे ओठच वाचायचो. त्या धडधडीत कुणाला काय ऐकू येणार? खोलीच्या त्या टोकाचा माणूस चहा मागवतोय की शिव्या देतोय, ते बघून कळायचं. नळ गळतोय हे मला वर्षभर माहीत होतं." अप्पा गालातल्या गालात हसले. "दुरुस्त करायचा कंटाळा आला होता, म्हणून ऐकू येत नव्हतं."

ताईंना हसावं की रडावं कळेना. "मग नवं मशीन परत का केलंत? पत्र्याच्या पिंपासारखं वाटतं म्हणालात."

"चांगलं होतं ते. पंखासुद्धा ऐकू यायला लागला होता."

"मग?"

अप्पांनी डबी जवळ ओढली. डबीवरून बोट फिरवत म्हणाले, "मॅडम सांगत होत्या, नव्याला वायर नसते. घरबसल्या फोनवरून जुळवतात. इथं यायचं कामच राहत नाही." त्यांनी मान वर केली. "या वायरीमुळं तू मला समोर बसवतेस. माझ्याकडे बघून बोलतेस. विचारतेस, अप्पा, कसं वाटतंय? आणि मी सांगेपर्यंत थांबतेस. म्हटलं, आहे तेच बरं आहे."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मोठ्या मिनतवारीनं मिळालेली एक सोय त्यांनी जपून ठेवली होती, आणि ती का जपली ते सांगत होते, इतकंच. ताईंना मात्र घरातली एकेक संध्याकाळ आठवत गेली. पाठमोऱ्यानं दिलेल्या हाका, दार लावा, गोळी घ्या. गावभरच्या म्हाताऱ्यांना मी विचारत बसले कसं वाटतंय म्हणून, आणि माझ्या माणसाला हे विचारून घ्यायला दवाखान्याचा जिना चढून यावं लागलं. त्यांनी अप्पांचा हात धरला आणि तशाच बसून राहिल्या.

दारावर टकटक झाली. रीस्टार्टराव आला होता. "काढू ना, ताई?" त्यानं भीत भीत विचारलं.

उत्तर अप्पांनीच दिलं. त्याच्या ओठांवरून त्यांनी प्रश्न ओळखला होता. "काढा, काढा. पेन्शनीत गेला तो ड्रायव्हर."

काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली गेली, आणि शेवटचा ड्रायव्हर गेला. रीस्टार्टरावानं संगणक रीस्टार्ट केला, पहारेकऱ्याचं बटण सरकवलं आणि पुन्हा रीस्टार्ट केला. यावेळी तक्रार आली नाही. पिवळ्या चिन्हाच्या जागी हिरवं आलं. त्यानं रुग्णालयात फोन लावून जोडणी जोडून घेतली. ताईंनी निकालाचं बटण दाबलं आणि तो गेला. चहा संपेपर्यंत उलट निरोपही आला, उद्या सकाळी बाळाला घेऊन या. बाकावरची आई मुलीला छातीशी धरून जिना उतरली. ती अजून घाबरलेली होती, पण आता तिला कुठं जायचं ते ठाऊक होतं. रीस्टार्टराव म्हणाला, "मी बाहेर बसतो. सावकाश होऊ द्या."

ताईंनी कपाटातून नवं मशीन काढलं आणि अप्पांच्या कानात बसवलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "कुणाचा आवाज ऐकायचाय?"

अप्पांनी हनुवटीनंच त्यांच्याकडे दाखवलं.

झालं! अख्ख्या गावाला बोलायला लावणाऱ्या बाईला शब्द सुचेना. "काय बोलू!" त्या घरातल्या आवाजात म्हणाल्या, आणि अप्पांनी दचकून डोळे मिटले. ताईंनी घाईघाईनं आवाज खाली आणला. मग आणखी खाली. पंख्याबद्दल बोलल्या, सकाळच्या बाळाबद्दल बोलल्या, विणायला घेतलेल्या स्वेटरच्या चुकलेल्या टाक्यांबद्दल बोलल्या. एका हातानं संगणकावर आवाज वर-खाली करत होत्या. अप्पा मन लावून ऐकत होते.

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. अप्पांना दिसू नये म्हणून त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर दुपार निवांत होती. मनात कधीपासून असलेलं एक वाक्य होतं. ओरडून म्हणण्यासारखं ते नव्हतं, म्हणून घरी कधी बोललंच गेलं नाही. आता ते जेमतेम ओठांबाहेर पडलं, स्वतःशी पुटपुटल्यासारखं.

"आई गेल्यापासून मला घरी बोलायला कुणीच नाही."

मागे खुर्ची किंचित वाजली.

"मलाही नाही गं," अप्पा म्हणाले.